एपिड्युरल एकाच बाजूला का चढलं, आणि इंजेक्शन देण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण एपिड्युरल भुलेखाली झालं. डॉक्टरांनी पाठीत नळी घातली, औषध थांबून थांबून दिलं. बऱ्याच वेळाने तपासलं तेव्हा डावा पाय पूर्ण बधिर, आणि ज्या पायावर शस्त्रक्रिया व्हायची तो उजवा मात्र अर्धवट जागा. मग त्यांनी नळी थोडी मागे ओढली, तुम्हाला उजव्या कुशीवर वळवलं, आणखी औषध दिलं आणि भूल नीट चढली. तुमच्या नणंदेला याच शस्त्रक्रियेसाठी एकच इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत तिचे दोन्ही पाय बधिर झाले. आता डाव्या गुडघ्याची वेळ आली आहे. मागच्या वेळी इंजेक्शन देण्यात काही चुकलं का, आणि या वेळी ‘सुईतूनच एकदम द्या’ असा आग्रह धरावा का, हे तुम्हाला हवं आहे.

असा आग्रह धरू नका. आणि तुम्ही सांगताय त्यावरून मागच्या वेळी काही चुकलं असं मला वाटत नाही. पण इंजेक्शन देण्याच्या पद्धतीने फरक पडतो का, तर पडतो, आणि चांगलाच पडतो. मात्र तो औषध भरभर दिलं की सावकाश, यात फारसा नाही. औषध नेमकं कुठे पोचलं आणि एकूण किती पोचलं, यात तो आहे. सावकाश देण्यामागचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतेच.

आधी नणंदेचं. पाच मिनिटांत दोन्ही पाय बधिर झाले असतील तर तिला बहुतेक स्पायनल दिलं होतं, एपिड्युरल नव्हे. इंजेक्शन दोन्ही पाठीतच, बसवून किंवा कुशीवर झोपवून देतात, म्हणून पेशंटला ते सारखंच वाटतं. स्पायनलमध्ये अगदी बारीक सुई मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यापर्यंत जाते आणि औषध थेट त्या पाण्यात मिसळतं. मज्जातंतूंची मुळं त्या पाण्यातच असतात, त्यामुळे थोडंसं औषध पुरतं आणि परिणाम लगेच दिसतो. एपिड्युरलमध्ये औषध त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेर थांबतं. पिशवीचं आवरण म्हणजे ड्युरा. ड्युरा आणि त्यामागचा पिवळसर अस्थिबंध, म्हणजे लिगामेंटम फ्लेव्हम, यांच्यामध्ये चरबी, शिरांचं जाळं आणि बाहेर पडणारी मज्जातंतूंची मुळं असलेली एक अरुंद जागा असते. औषध त्या चरबीतून, शिरांमधून वाट काढत दोन्ही बाजूंना पसरतं आणि मग एकेका मुळाच्या आवरणातून आत झिरपतं. याला वेळ लागतो. बधिर करणाऱ्या औषधांपैकी लिग्नोकेनला साधारण १० ते १५ मिनिटं, बुपिव्हाकेनला १५ ते २० किंवा थोडी जास्तच. तेव्हा नणंदेची पाच मिनिटं आणि तुमचा अर्धा तास यांची तुलनाच होत नाही.

आता सुई त्या जागेपर्यंत पोचते कशी ते पाहू, कारण बऱ्याच गोष्टी इथेच ठरतात. एपिड्युरलची जागा डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना कळावी लागते. एपिड्युरलसाठी वापरतात त्या टुओही सुईचं टोक किंचित वळलेलं असतं. अस्थिबंधात शिरल्यावर मी तिला सलाइन भरलेली सिरिंज लावते आणि अंगठ्याने दट्ट्यावर सतत हलका दाब ठेवून सुई मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे नेते. अस्थिबंध दाट असतो, दट्ट्या हलत नाही. सुईचं टोक पलीकडे निघालं की दाब एकदम नाहीसा होतो आणि सलाइन सहज आत जातं. याला आम्ही ‘लॉस ऑफ रेझिस्टन्स’ म्हणतो. स्पॅनिश लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी १९२१ साली कमरेतल्या एपिड्युरलचं वर्णन केलं. अस्थिबंध ओलांडल्यावर दाब जातो ही खूण रूढ केली ती इटलीच्या डोग्लिओत्ती यांनी, १९३० च्या दशकात. अल्ट्रासाउंडने आता मणक्यांमधली फट आणि खोली आधी पाहून ठेवता येते. पण शेवटचे ते दोन मिलिमीटर बहुतेक ठिकाणी आजही अंगठ्यावरच असतात.

सिरिंजमध्ये हवा भरायची की सलाइन, यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद होता. मी सलाइनच्या बाजूची आहे. एपिड्युरल जागेत हवेचा बुडबुडा राहिला तर त्या भागातल्या मुळापर्यंत औषध पोचत नाही आणि मधलाच एखादा पट्टा जागा राहू शकतो. चुकून ड्युरा ओलांडला गेला आणि हवा आत गेली तर डोकं भयंकर दुखतं. बरेच अनुभवी डॉक्टर हवा वापरतात, त्यांच्या बोटांना ती सवय असते आणि अगदी थोडी हवा वापरली तर त्रासही क्वचितच होतो. पण मी शिकवताना सलाइनच शिकवते.

सुई मधोमध आहे की किंचित कडेला, यानेही फरक पडतो. मधल्या रेषेवरून निघालेली सुई आत जाता जाता डावीकडे किंवा उजवीकडे झुकली तर तिच्यातून गेलेली नळी त्या बाजूला जाण्याची शक्यता वाढते. सुईचं वळलेलं टोक मी डोक्याच्या दिशेने ठेवते आणि जागा सापडल्यावर सुई आत फिरवत नाही. फिरवताना टोक ड्युराला लागू शकतं.

तुमच्या एकतर्फी भुलेचं कारण बहुधा यापुढच्या पायरीत आहे, म्हणजे नळीत. सुईतून जी बारीक नळी आत सरकवतात तिला दिशा देता येत नाही. आपण सरळ ढकलतो, पण आत गेल्यावर ती चरबीला अडून वळते, कधी गोल फिरते, कधी मणक्याच्या बाजूच्या छिद्राकडे जाते. मज्जातंतूचं मूळ याच छिद्रातून बाहेर पडतं. नळीचं टोक तिथे जाऊन बसलं की औषध त्याच बाजूला साचतं. तुमच्या बाबतीत टोक डावीकडे गेलं असणार, म्हणून डावा पाय आधी आणि पूर्ण बधिर झाला. नळी जितकी जास्त आत, तितकी ती भरकटण्याची शक्यता जास्त. म्हणून शस्त्रक्रियेसाठी मी ४ ते ५ सेंटिमीटर आत ठेवते. ३ पेक्षा कमी ठेवली तर हालचालीत बाहेर निसटते आणि ६ च्या पुढे गेली तर शिरेत किंवा कडेच्या छिद्रात शिरण्याचा धोका वाढतो. सुईवर आणि नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. जागा त्वचेपासून ५ सेंटिमीटरवर मिळाली, तर नळीवरचा ९ किंवा १० चा आकडा त्वचेपाशी येईल असं मी बघते.

तुमच्या डॉक्टरांनी नळी एक-दोन सेंटिमीटर मागे घेतली, जी बाजू जागी राहिली होती ती खाली येईल असं तुम्हाला कुशीवर वळवलं आणि वरून औषध दिलं. एकतर्फी भुलेसाठी पहिलं पाऊल हेच असतं, मीही तेच केलं असतं. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम एपिड्युरलमध्ये फार मोठा नसतो, पण अशा वेळी तेवढाही कामी येतो. मागे घेतलेली नळी आणि नव्याने गेलेलं औषध यांचा वाटा त्याहून जास्त. एवढं करून १५ ते २० मिनिटांत फरक पडला नसता, तर नळी काढून नव्याने घालणं किंवा भुलेचा दुसरा प्रकार निवडणं हा पुढचा मार्ग. बधिर नसलेल्या पायावर शस्त्रक्रिया सुरू न करता ते थांबले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नळी चिकटवण्यातही एक बारकावा आहे, फारसा कुणी बोलत नाही असा. पेशंट वाकून बसलेला असताना पाठीची त्वचा ताणलेली असते आणि त्वचा व अस्थिबंध यांच्यातलं अंतर कमी असतं. तो सरळ झाला किंवा कुशीवर झोपला की हे अंतर वाढतं, जाड अंगाच्या पेशंटमध्ये तर बरंच. नळी वाकलेल्या स्थितीतच पक्की चिकटवली, तर सरळ होताना त्वचा नळीला बाहेर ओढते आणि टोक जागेतून निसटू शकतं. म्हणून मी आधी पेशंटला सरळ बसायला किंवा कुशीवर व्हायला सांगते. त्वचेपाशी नळी आपसूक थोडी आत सरकलेली दिसते. मग ती चिकटवते. सुरुवातीला छान चढलेली भूल पुढच्या डोसला साथ देत नाही, त्यामागे पुष्कळदा हे सरकणंच असतं.

आता औषध थांबून थांबून का द्यायचं. थोडा हिशेब मांडते. ०.५ टक्के बुपिव्हाकेन म्हणजे दर मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. एपिड्युरलसाठी १५ मिलिलिटर दिलं तर ७५ मिलिग्रॅम झालं. स्पायनलसाठी त्याच औषधाचे ३ मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिग्रॅम पुरतात. नळी न कळत ड्युराच्या आत गेली असेल आणि १५ मिलिलिटर एका दमात दिलं, तर स्पायनलच्या पाचपट औषध पाण्यात मिसळेल. रक्तदाब कोसळेल, छातीचे स्नायू आणि श्वास बंद पडेल. नळी शिरेत गेली असेल तर तेच औषध थेट हृदयाकडे आणि मेंदूकडे जाईल. बुपिव्हाकेन हृदयाच्या स्नायूला घट्ट धरून बसतं, त्यामुळे थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करणं कठीण जातं. १९७९ साली जॉर्ज अल्ब्राइट यांनी अशा घटनांकडे जगभरच्या भूलतज्ज्ञांचं लक्ष वेधलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रसूतीसाठी ०.७५ टक्के बुपिव्हाकेन वापरणं बंद झालं, आणि डोस तुकड्यांत द्यायची सवय सगळीकडे पक्की झाली. आता या औषधाच्या विषबाधेवर २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण, हाताशी असतं, पण ते वापरायची वेळच न येणं जास्त चांगलं.

म्हणून नळी घातल्यावर पहिल्यांदा सिरिंजने हलकेच ओढून बघायचं, रक्त किंवा पाणी येतंय का. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. नळीचं टोक शिरेच्या भिंतीला चिकटलं असेल तर ओढल्यावर काहीच येत नाही. मग टेस्ट डोस, म्हणजे नळी शिरेत किंवा पाण्यात नाही ना हे बघायला दिलेला छोटा डोस. प्रचलित टेस्ट डोस म्हणजे १.५ टक्के लिग्नोकेन ३ मिलिलिटर, त्यात १५ मायक्रोग्रॅम अॅड्रिनॅलिन. शिरेत गेला तर मिनिटभरात नाडी २० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते. पाण्यात गेला तर तीन ते पाच मिनिटांत पाय जड, गरम वाटू लागतात. दोन्ही झालं नाही, तर पुढचं औषध ५-५ मिलिलिटरच्या हप्त्यांनी, मध्ये काही मिनिटं थांबून. प्रत्येक हप्ता हाही एक टेस्ट डोसच असतो. मी पेशंटशी बोलत राहते: कानात आवाज येतोय का, तोंडाभोवती मुंग्या येताहेत का, जिभेवर धातूसारखी चव जाणवतेय का. तुमच्याशी मागच्या वेळी कुणी असं बोलत असेल तर त्या गप्पा तपासणीचाच भाग होत्या. तुम्ही रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखी गोळी घेत असाल, तर नाडी वाढण्याची खूण दबून जाऊ शकते. ही गोळी सांगायला विसरू नका, आणि स्वतःहून बंदही करू नका.

सावकाश दिल्याने भूल कच्ची राहते का? नाही. एकूण डोस तोच असेल तर भुलेची पातळी जवळजवळ तेवढीच येते. जोरात दिल्याने औषध दूरवर आणि सारखं पसरेल हे म्हणणं ऐकायला पटतं, पण प्रत्यक्षात फायदा थोडका. उलट जोराने दिलं तर आतला दाब वाढून पाठीत कळ येते, कधी डोकं दुखतं.

शस्त्रक्रियेनंतर पंपाने औषध देताना मात्र दाबाचा प्रश्न खरा असतो. बऱ्याच नळ्यांना टोकाजवळ तीन छिद्रं असतात. बागेतल्या छिद्रांच्या पाइपात नळ बारीक सोडला की पाणी पहिल्याच छिद्रातून गळतं, जोरात सोडला की सगळ्यांतून उडतं. पंप थेंबथेंब चालवला तर औषध मुख्यतः टोकापासून सगळ्यात दूरच्या छिद्रातून बाहेर पडतं, आणि ठरावीक वेळाने एकदम थोडा मोठा डोस दिला तर तिन्हींतून. म्हणून प्रसूतिवेदनांसाठी पंपाचा ठरावीक अंतराने डोस देणारा प्रकार आता बराच वापरात आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा: सुईतून द्यावं की नळीतून? सुईतून थेट दिल्याचे फायदे आहेत. सुईचं टोक बहुधा मधोमध असतं, त्यामुळे औषध दोन्ही बाजूंना सारखं जाण्याची शक्यता चांगली. भूल थोडी लवकर चढते. द्रवाने जागा फुगते आणि नळी सहज सरकते. तोटे असे की पूर्ण डोस देईपर्यंत धातूची सुई आत स्थिर धरावी लागते, पेशंट खोकला किंवा दचकला तर ती हलते. हप्त्यांमध्ये थांबून तपासायला पुरेसा वेळ मिळत नाही. आणि मला सगळ्यात खटकणारी गोष्ट: सुईतून दिलेल्या औषधाने भूल छान चढली तरी मागाहून घातलेली नळी कुठे आहे ते तेव्हा कळत नाही. शस्त्रक्रिया लांबली आणि नळीतून औषध देण्याची वेळ आली, की तेव्हा कळतं ती एका बाजूला आहे किंवा शिरेत आहे.

म्हणून मी मधला मार्ग धरते. सुईतून ५ मिलिलिटरच्या आसपास सलाइन देते, म्हणजे जागा थोडी फुगते आणि नळी शिरेत शिरण्याची शक्यता कमी होते. मग नळी, टेस्ट डोस, आणि मुख्य औषध नळीतून हप्त्यांनी. लहान, ठरावीक वेळेची शस्त्रक्रिया असेल आणि नळीची गरजच नसेल, तर सुईतून हप्त्यांनी देणं मला मान्य आहे. दोन्ही पद्धतींनी उत्तम काम करणारे लोक आहेत. काही मिनिटं वाचवण्यासाठी माझा स्वतःचा क्रम मी बदलणार नाही.

औषध किती द्यायचं, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून असतं. मोठ्या माणसात मणक्याच्या एका पातळीमागे अंदाजे १ ते २ मिलिलिटर असा हिशेब धरतात. पण वय वाढलं की कमी लागतं, गरोदरपणात कमी लागतं. मणका वाकडा असेल, पाठीवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर औषध कुठे अडेल ते आधी सांगता येत नाही. सुई कोणत्या पातळीवर घालायची तेही शस्त्रक्रियेवर ठरतं, कारण औषध जिथे सोडतो तिथल्या आसपासची मुळं सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगली बधिर होतात. पोटाच्या वरच्या भागासाठी सुई पाठीच्या मधल्या भागात, पायासाठी कमरेत. गुडघ्याच्या पुढच्या भागाची जाणीव कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मुळाकडे असते, मागच्या भागाची त्रिकास्थीच्या पहिल्या-दुसऱ्या मुळाकडे. त्यातलं पहिलं, एस १, जाड असतं. औषध त्यात मुरायला वेळ घेतं आणि नेमकं तेच जागं राहतं. गुडघ्याचा पुढचा भाग सुन्न पण पोटरीत जाणीव, असं अनेकांना होतं. घाई करणाऱ्याला ते कळत नाही.

म्हणून चीर घेण्याआधीची तपासणी सोडता येत नाही. मी बर्फ किंवा स्पिरिटचा बोळा घेऊन दोन्ही पायांवर, पुढून आणि मागून, खालून वर जाते आणि ‘गार लागतंय का?’ विचारते. पाय उचलून दाखवायला सांगते. मग सर्जन चिमट्याने दाबून बघतात. हे दोन्ही बाजूंना स्वतंत्र व्हायला हवं, कारण एकतर्फी भूल एकाच बाजूला तपासून कळत नाही. स्पर्श, दाब, ओढल्यासारखं वाटणं, हातोडीचे धक्के हे चांगल्या भुलेतही जाणवू शकतं. दुखणं मात्र जाणवता कामा नये. दुखलं तर सहन करत पडून राहू नका, त्याच क्षणी सांगा. नळीतून आणखी औषध, शिरेतून वेदनाशामक, वेळ पडली तर पूर्ण भूल, असे मार्ग तयार असतात.

पुढच्या शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञांशी आधी बोला आणि मागच्या वेळी भूल डावीकडेच चढली होती, नळी मागे घेतल्यावर ठीक झाली, हे नेमकं सांगा. मागच्या फाइलमध्ये भुलेची नोंद असते: कोणती फट, किती खोलीवर जागा, नळी किती आत, किती औषध. ते पान त्यांना दाखवा, खूप उपयोगी पडतं. स्पायनल किंवा स्पायनल-एपिड्युरल एकत्र हा पर्याय विचारायला हरकत नाही. गुडघ्यासाठी तो सर्रास वापरतात. स्पायनलने सुरुवात लवकर होते आणि नंतरच्या दुखण्यासाठी नळी हाताशी राहते. तुम्हाला तो चालेल की नाही हे तुमचं हृदय, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं आणि पाठ बघून तेच ठरवतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहून न्या. पाठीत सुई घालायची वेळ आणि नळी काढायची वेळही त्यावर ठरते.

आणि सुई घालताना एक गोष्ट तुम्ही करू शकता, जी आम्हाला खरोखर मदत करते. पाठ गोल करून, खांदे सैल सोडून बसा. सुई एका बाजूला टोचतेय असं वाटलं किंवा एखाद्या पायात झटका आला, तर हलू नका, फक्त मोठ्याने ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ एवढं सांगा. त्यावरून सुई मध्यापासून कुठे सरकली आहे ते आम्हाला लगेच कळतं, आणि नळी घालायच्या आधीच ती दुरुस्त करता येते.